पानावरचा आडवा हात

मी खादाड माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला वाटायला नको की भूक काय असते, हे मला कळत नव्हतं. चांगलं कळत होतं. न कळून केलं असतं तर आज हे लिहायला बसलो नसतो.

आमचं गाव पवनेच्या काठी. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आबांच्या गळ्यात माळ होती, त्यामुळे घरात मटण-मासळीचं वशाट शिजत नसे, आणि ते कधी हवंसं वाटलंही नाही. आईच्या हाताला चव होती. हुलग्याचं माडगं ती अशी करी की थंडीच्या दिवसांत आम्ही भावंडं वाटी चाटूनपुसून पुन्हा पुढे करायचो. पावट्याची आमटी, वर भाजल्या धान्याचा येसूर मसाला. पावसाळ्यात रानात उगवलेली कुर्डू, टाकळा, भारंगी. भारंगी कडू, ती दोनदा उकळून पाणी टाकून द्यावं लागतं, पण नीट झाली तर तिच्यापुढे बाकीच्या भाज्या फिक्या. शेतात पिके आंबेमोहोर आणि पानात असे वरई, कारण आंबेमोहोर विकायचा असतो. तो घरात शिजायचा सणाला नाहीतर पाहुणा आला तर. शिजताना त्याचा वास गल्लीच्या टोकापर्यंत जाई आणि कुणाच्या घरी पाहुणा आलाय, हे गावाला न सांगता कळे.

आणि पाहुणा आला की खरी गंमत. आमच्याकडे जेवण्यापेक्षा वाढण्याला मान जास्त. पाहुण्याने पहिल्यांदा 'नको' म्हणायचं ते रीत म्हणून. दुसऱ्यांदा म्हणायचं ते वाढणाऱ्याला जोर चढावा म्हणून. पोट खरोखरच भरलं असेल तर तिसऱ्यांदा दोन्ही हात पानावर आडवे धरायचे. तोवरचं कुठलंही 'नको' कुणी खरं धरत नसे, आणि पहिल्याच नकाराला जो पुढे सरकला तो यजमान कंजूष ठरे. काही महाभाग तर आडव्या धरलेल्या हातांच्या फटीतून आमटी ओतायचे. आबा त्यातले. गावात कुणाकडेही कार्य असो, भाताची परात आबांच्या हातात द्यायची, हे ठरलेलंच. एरवी दिवसभरात चार वाक्यं बोलणारा हा माणूस पंगतीत शिरला की त्याला वाचा फुटायची.

याची दुसरी बाजू अशी, की आपल्या तोंडाने मागून खाणं म्हणजे अब्रू गेली. आमच्या एका सोयऱ्याने ऐन लग्नात दुसऱ्यांदा भात मागितला होता. पुढे जन्मभर त्याची ओळख 'भात मागनारा' अशीच राहिली; त्याच्या मुलाला मुलगी देतानासुद्धा लोकांनी हा विषय काढला.

तर अशा घरातून मी व्हर्नाक्युलर फायनल होऊन लोणावळ्याला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून लागलो. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ती दोन-चार वर्षं. सुरुवातीला एका खाणावळीत जेवत असे. तिथे जात विचारून पंगत ठरायची. आमची पंगत पडवीत, वहाणांच्या शेजारी. पुढे बाजारात एक नवं उपाहारगृह निघालं. संगमरवरी टेबलं, लाकडी खुर्च्या, भिंतींना आरसे. तिथे जात विचारत नसत, फक्त धोतर बघत. मी पुढच्याच पगारात चांगलं धोतर घेतलं आणि तिथला झालो.

त्या हॉटेलाने मला वेड लावलं, हे कबूल करतो. बटाटेवडे असे की वरचं आवरण कुरकुरीत आणि आतल्या भाजीत आल्याचा तुकडा दाताखाली यावा. संध्याकाळी कांद्याची भजी. मुंबईहून हवा खायला आलेली बंगलेवाली मंडळी तिथे यायची, आणि त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून पुरीभाजी खाताना आपण कोण झालो आणि कोण नाही, असं मला होई. रविवारी तिथे पूर्ण ताट मिळे: पुऱ्या, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, मसालेभाताची मूद, श्रीखंडाची वाटी. श्रीखंड तेवढं एकदाच. बाकी सगळं हवं तितकं. वाढपी परात घेऊन टेबलांमधून फिरे आणि प्रत्येकाला एकदा विचारी, "पुरी?" हो म्हटलं की टाकी, नाही म्हटलं की पुढे जाई. पुन्हा हवी असली तर हाक मारायची. मी बिनदिक्कत मारायचो. दहा-बारा पुऱ्यांशिवाय मी उठत नसे.

आमचे हेडक्लार्क पुण्याचे. तेही रविवारी तिथेच जेवत. माणूस वाईट नव्हता, पण जिभेला धार होती. एकदा कुठल्याशा खेड्यातून एक कुटुंब आलं होतं आणि त्यांनी आपल्या रीतीप्रमाणे एकमेकांना आग्रह सुरू केला. घ्या, नगं, घ्या हो, आता बास. आवाज सगळ्या हॉटेलभर. हेडक्लार्क म्हणाले, "ही मंडळी आली की मांडव घालायचाच काय तो बाकी राहतो." आम्ही सगळे हसलो. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. हसलो, कारण त्यातल्या म्हाताऱ्याची बोली अगदी आमच्या गावची होती आणि ती मला ओळखीची आहे हे कुणाला कळू नये असं मला वाटत होतं.

त्या दसऱ्याला घरी गेलो तेव्हा मी हॉटेलाचं वर्णन करून करून सगळ्यांचे कान किटवले. श्रीखंड म्हणजे काय हे आईला दोनदा समजावून सांगितलं. भरीला भर म्हणून आबांना म्हणालो, "एकदा या लोणावळ्याला. तुम्हाला हॉटेलात जेवायला घालतो." आबा नुसते हसले. पण त्यांनी ते मनावर घेतलं असावं, कारण भातकापणी सुरू व्हायच्या आधीच्या एका रविवारी ते खरंच माझ्या खोलीच्या दाराशी उभे राहिले.

पहाटे निघाले होते. लोहगडाची खिंड चढून मळवलीला उतरले आणि तिथून रुळांच्या कडेने चालत लोणावळ्याला. मळवलीहून गाडी मिळाली असती, पण देवाने दोन पाय दिलेत तर गाडी कशाला, असं त्यांचं म्हणणं. गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर घोंगडी, डोक्याला पागोटं, पायात जाडजूड वहाणा. मी पाणी दिलं. घोटभर पिऊन ते म्हणाले, "बाळा, तुज्या आयनं भाकर बांदून देत व्हती. म्या नगं म्हनलं. हाटेलात जेवायचं तर पोटात जागा पायजे. काल सांजेपास्नं काय खाल्लं न्हाई."

मी मात्र नुकतेच दोन वडे खाऊन आलो होतो.

वाटेत मी मनातल्या मनात एकच घोकत होतो, हेडक्लार्क आज नसू देत. ते होते. शेजारच्याच टेबलावर, आमच्या आणखी एका कारकुनाबरोबर. मी म्हणालो, "हे आमचे वडील." एवढं मी केलं. निदान बापाला बाप म्हटलं, असं पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो. दोघांनी नमस्कार केला. आबांनी पागोटं सावरून रामराम केला आणि ते खुर्चीवर मांडी घालायला लागले. मी टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावला. त्यांना कळलं, ते पाय खाली सोडून बसले. पाय जमिनीला नीट टेकत नव्हते.

ताटं आली. ताटात चार पुऱ्या होत्या. हॉटेलातल्या पुऱ्या, फुगलेल्या आणि आत वारा. आबांनी ताटाला हात लावून नमस्कार केला आणि जेवायला लागले. श्रीखंडाचं पहिलं बोट जिभेवर ठेवलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. त्यांना ते इतकं आवडलं होतं की मला क्षणभर बरं वाटलं. चार पुऱ्या कधी संपल्या ते कळलंही नाही.

वाढपी आला. "पुरी?"

आबा म्हणाले, "नगं, नगं."

वाढपी पुढे गेला.

आबांचा हात अजून अर्धवट वर होता, पानावर आडवा धरलेला नव्हता. तो तसाच राहिला. ते वाढप्याच्या पाठीकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी जन्मापासून ओळखत होतो. पाहुणा नको म्हणाला की घरच्या माणसाने बोलायचं असतं: नगं कसं म्हणता, वाढा रं त्यांना. त्या टेबलापुरता घरचा माणूस मी होतो. नुसतं "ओ, इकडे या" म्हणायचा अवकाश होता. दर रविवारी म्हणत होतो. पण एरवी मी माझ्यासाठी म्हणायचो, शहरी माणसासारखं. आज म्हटलं की आबा दुसऱ्यांदा नको म्हणणार, मग मला जोर करावा लागणार, मग ते तिसऱ्यांदा म्हणणार, आवाज वाढणार, आणि शेजारी हेडक्लार्क बसले होते. मी मान खाली घालून कोशिंबीर खात राहिलो.

मसालेभाताची मूद आबांनी दोन घासांत संपवली. भात घेऊन वाढपी फिरला. "भात?" या वेळी आबा थोडे थांबले. माझ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "नगं." यापेक्षा हळू कुणी 'नको' म्हणू शकणार नाही. वाढपी पुढे सरकला आणि मला विचारता झाला. मी म्हणालो, "मला नको, थँक्यू." थँक्यू म्हणालो मी. पोटात वडे होते आणि भूक तशीही मेली होती.

आबा कोशिंबिरीचं उरलेलं पाणी प्यायले. मीठ बोटाने गोळा करून खाल्लं. लिंबाची फोड चोखून ताटाच्या कडेला ठेवली. मग पाण्याचं फुलपात्र रिकामं केलं, पुन्हा भरून घेतलं, तेही रिकामं केलं. पाण्याने पोट कोण भरतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. शेवटी त्यांनी विचारलं, "झालं?" त्यांना वाटत असावं की खरं जेवण अजून यायचं आहे. मी म्हणालो, "झालं, आबा. उठा."

बाहेर पडताना हेडक्लार्क मला बाजूला घेऊन म्हणाले, "वडील तुमचे अगदी मिताहारी दिसतात. छान. उगाच आरडाओरडा नाही, काही नाही." आणि मला बरं वाटलं. सगळ्या दिवसातली ही गोष्ट सांगताना मला सर्वांत जास्त लाज वाटते. मला बरं वाटलं. आबांविषयी अभिमान वाटला, की त्यांनी माझी लाज राखली.

कोपऱ्यावर एका कढईत भजी तळली जात होती. आबा तिथे थांबले. खाण्यासाठी नाही, घोंगडी सारखी करायला थांबल्यासारखे थांबले. पावशेर भजी घेऊन त्यांच्या हातावर ठेवणं मला काही जड नव्हतं. पण ठेवली असती तर आता जेवून उठलेल्या माणसाला ही भजी कशाला, याचं उत्तर द्यावं लागलं असतं, निदान स्वतःला तरी. मी म्हणालो, "आबा, चला, खिंडीत अंधार होईल." घरच्यांसाठी म्हणून गूळ-शेंगदाण्याची गुडदाणी घेतली आणि त्यांच्या उपरण्यात बांधून दिली. घरच्यांसाठी बांधलेलं ते वाटेत सोडणार नाहीत हेही मला ठाऊक होतं. निघताना माझ्या पाठीवर हात ठेवून आबा म्हणाले, "लय झ्याक जेवान व्हतं." आणि त्या उपाशी पोटाने पुन्हा सगळी वाट चालत गेले.

मार्गशीर्षात मळणी आटोपली आणि मी दोन दिवसांच्या रजेवर गावी गेलो. दुपारची वेळ, जेवणं होऊन गेलेली. मी उंबरा ओलांडतोय तोच आईने पान मांडलं. तीन भाकरी वाढल्या आणि समोर बसून मी खातोय का ते बघू लागली. "लय वाळलास," म्हणाली. माझा सदरा त्या दिवसांत पोटावर घट्ट व्हायला लागला होता. मला हसू आलं. आयांना तसंच दिसतं, असं मी समजलो.

दुसऱ्या दिवशी खळ्यावर जेवण होतं. धान्य घरात आलं की खळ्यावर ज्यांनी ज्यांनी हात लावला त्यांना जेवू घालायचं, अशी आमच्याकडे रीत. नव्या आंबेमोहोराचा भात, आमटी, पोळी आणि गुळवणी. सारवलेल्या खळ्यावर पंगत बसली आणि आबा परात घेऊन उभे राहिले. माझ्या शेजारी आमचे म्हातारे शेजारी बसले होते, त्यांना सगळं गाव भाऊ म्हणे. भाऊंनी पहिला घास घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाले, "काय रं, आबाला तू हाटेलात लय जेरीस आनलंस म्हनं."

मला काही कळेना.

"आता लपवतो कशाला? आबानं समदं सांगितलंय. त्यो नगं म्हनतोय, आन तू वाडप्याच्या हातातली परात घिऊन सोताच्या हातानं पुऱ्या टाकतोय. चार डाव. हाटेलातली समदी मान्सं बगत ऱ्हायली म्हनं. असं पोरगं पायजे."

पंगतीत हसणं उठलं. एक मावशी म्हणाल्या, "शिकला तरी रीत इसरला न्हाई." मी वर बघितलं. आबा चार पानं पलीकडे परात घेऊन वाकले होते. ते सरळ झाले, पण माझ्याकडे बघेनात. कुणाच्या तरी पानावर भात वाढत म्हणाले, "सांगितलं न्हवं म्या. ऐकतच नव्हता गडी."

तिथे खरं बोलता आलं असतं. निदान गप्प बसता आलं असतं. सगळं खळं माझ्या तोंडाकडे बघत होतं आणि त्या बघण्यात कौतुक होतं. मी म्हणालो, "व्हय. पाचव्यांदा बी वाढनार होतो. आबांनीच हात आडवा धरला."

भाऊंनी माझ्या पाठीत थाप मारली.

आबा वाढत वाढत माझ्यापाशी आले. मी नको म्हणालो. त्यांनी भात घातला. पुन्हा नको म्हणालो, पुन्हा घातला. मी दोन्ही हात पानावर आडवे धरले, तर त्यांनी वाकून आपल्या डाव्या हाताने माझे हात बाजूला केले आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "खा लेका. हितं मागायची चोरी न्हाई."

जेवणं झाल्यावर मी आईला गाठलं आणि विचारलं, आबा काय म्हणाले होते तुला. आई भांडी घासत होती. तिने हात न थांबवता सांगितलं. "त्या दिशी आलं ते चुलीपाशीच बसलं. चार भाकरी खाल्ल्या. म्या म्हनलं, हाटेलात जेवलासा न्हवं? तर म्हनले, तितं एक डाव इचारत्यात आन जात्यात. मागायची कुनाची टाप न्हाई. पोरगं बी गप खाली मान घालून बसलं व्हतं, त्यानं बी भात घेतला न्हाई. रोज तसंच अर्ध्या पोटी उठत आसंल. गावात कुनाला बोलू नगंस, त्याला खाली बगायला व्हईल." मग तिने तांब्या पालथा घातला आणि मला विचारलं, "व्हय रं, लय हाल व्हत्यात का?"

आबांना माझा राग आला असता तर मी तो सोसला असता. त्यांनी गावात माझी तक्रार केली असती, तरी मी शहाणपणाने काहीतरी उत्तर दिलं असतं. पण त्यांना माझी कीव आली होती. उपाशी ते राहिले होते आणि काळजी त्यांनी माझी केली होती. मी आईला सांगायला हवं होतं, की आई, तिथे मागता येतं. मी दर रविवारी मागतो, बारा-बारा पुऱ्या खातो. आबांसाठी मागितल्या नाहीत. एवढीच तीन वाक्यं.

मी म्हणालो, "होतात थोडे."

त्यानंतर महिन्यातून एकदा, कधी दोनदा, आबा लोणावळ्याला येऊ लागले. खिंड चढून, मळवलीला उतरून, रुळांच्या कडेने. मालधक्क्याच्या कुंपणापाशी उभे राहायचे, हातात फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकरी आणि हुलग्याची उसळ. पाऊस असला तर डोक्यावर इरलं असे आणि गाठोडं पोटाशी धरलेलं. हॉटेलात चला म्हटलं तर "नगं, म्या खाऊन आलोय" म्हणायचे. मी कुंपणाच्या आत दगडावर बसून खायचो आणि ते बाहेर उकिडवे बसून बघायचे. बहुतेक वेळा मी हॉटेलातून नुकताच जेवून आलेलो असे. तरी मी खायचो. भराभर, भूक लागल्यासारखं. एक भाकरी उरली तर म्हणायचे, "ती बी खा," आणि मी ती पण खायचो.

युद्ध सुरू झालं, माझी बदली झाली, लग्न झालं, आणि मग आबाही गेले. ते गेले तोवर त्यांची अशीच समजूत होती, की लोणावळ्यात त्यांच्या मुलाचं पोट भरत नव्हतं.